वाफा जातात, कोरडेपणा राहतो

प्रश्न : वय ४९. पाळी येऊन सात महिने झाले. सकाळच्या लोकलमध्ये अचानक छातीपासून डोक्यापर्यंत वाफा येतात, ब्लाउज भिजतो. हॉर्मोनच्या गोळ्यांची भीती वाटते. आता कंडोम बंद केला तर चालेल? (परळ)

आधी कंडोमचं. नाही, इतक्यात नको. सलग बारा महिने पाळी आली नाही की रजोनिवृत्ती झाली असं धरतात. त्यातही वय पन्नाशीच्या आत असेल तर शेवटच्या पाळीपासून दोन वर्षं काळजी घ्यायची, पन्नाशीनंतर एक वर्ष. अधूनमधून एखादं बीज सुटतं, आणि नेमकं तेव्हाच गाफील असतो आपण.

या वयात इस्ट्रोजेन हे बाईचं हॉर्मोन घटलं की मेंदूतलं तापमान सांभाळणारं केंद्र हळवं होतं. अंग जरासं तापलं तरी ते घाम सोडायला लावतं. मुंबईच्या दमट हवेत तो घाम वाळत नाही, म्हणून त्रास दुप्पट वाटतो. सुती कपडे, मानेवर ओला रुमाल, गाडी पकडायच्या आधी कडक चहा नको. थायरॉइडही एकदा तपासा, त्याचा घाम असाच असतो.

एवढ्यानं भागलं नाही तर हॉर्मोन हाच सर्वांत परिणामकारक उपाय. वय साठच्या आत किंवा पाळी जाऊन दहा वर्षांच्या आत सुरू केलं, तर बहुतेक निरोगी बायकांना धोक्यापेक्षा फायदा जास्त असतो. स्तनाचा कर्करोग, रक्ताची गुठळी, यकृताचा आजार किंवा कारण न कळलेला रक्तस्राव असेल तर मात्र नको. गर्भाशय काढलेलं नसेल तर इस्ट्रोजेनसोबत प्रोजेस्टेरॉन हे दुसरं हॉर्मोन हवंच, नाहीतर आतलं अस्तर जाड होऊन कर्करोगाचा धोका वाढतो. त्वचेला लावायच्या जेलमध्ये गुठळीचा धोका गोळीपेक्षा कमी.

प्रश्न : वय ५७. संबंधांच्या वेळी आग होते, नंतर दोन दिवस लघवीलाही जळजळ. खोबरेल तेल लावून पाहिलं. डॉक्टरांनी योनीत लावायचं क्रीम दिलं, पण डब्यातला कागद वाचून घाबरले. (मुलुंड)

वाफा बहुतेकींच्या काही वर्षांनी ओसरतात. कोरडेपणा मात्र उपचार न केल्यास वाढतच जातो, आणि बायका नेमकं यालाच 'वयाचं आहे' म्हणून सोडून देतात. इस्ट्रोजेनविना योनीची त्वचा पातळ होते, तिथले चांगले जंतू कमी होतात, आम्लता उतरते. लघवीचा संसर्ग परत परत होण्याचं हे एक मोठं कारण. तुमची लघवी तपासून घ्या, दर वेळी अंदाजानं अँटिबायोटिक नको.

कागदावरचे इशारे मुख्यतः पोटात घ्यायच्या मोठ्या मात्रेच्या हॉर्मोनवरून आलेले आहेत. योनीतल्या कमी मात्रेच्या क्रीममधून रक्तात फारच थोडं जातं, त्यामुळे जोडीला प्रोजेस्टेरॉनही लागत नाही. क्रीममध्ये एस्ट्रिऑल (इस्ट्रोजेनचाच एक प्रकार) असेल तर नेहमीची पद्धत अशी : पहिले दोन आठवडे रोज रात्री ०.५ मिलिग्रॅम, म्हणजे एका ग्रॅमला १ मिलिग्रॅम असलेलं क्रीम अर्धा ग्रॅम. मग आठवड्यातून दोनदा. क्रीमसोबत मिळणारी आत घालायची नळी खुणेपर्यंतच भरायची. नळीच टोचत असेल तर बोटानं योनीच्या तोंडाशी लावा, आग बहुधा तिथेच असते. पूर्ण गुण यायला आठ ते बारा आठवडे. चुकतं दोन ठिकाणी : एक ट्यूब संपली की बंद करतात, किंवा फक्त 'त्या' रात्री लावतात. हे क्रीम वंगण नाही, संबंधांच्या आधी लगेच तर लावूच नये.

त्या वेळेसाठी पाण्याचं, बिनवासाचं, ग्लिसरीन नसलेलं ल्युब्रिकंट घ्या आणि दोघांनीही लावा. खोबरेल चालतं एखादीला, पण त्यानं लॅटेक्सचा कंडोम फाटतो. जाहिरातीतले योनीचे वॉश आणि डेटॉल तेवढं बंद करा. बाहेरून साधं पाणी पुरे.

प्रश्न : वय ६२. पाळी जाऊन दहा वर्षं झाली. परवा संबंधांनंतर चड्डीला लाल डाग. थोडंसं कातडं फाटलं असेल, थांबून पाहू का? (गिरगाव)

थांबू नका, याच आठवड्यात दाखवा. एकच डाग असला तरी. कारण बहुधा पातळ झालेली त्वचाच निघतं, पण अशा रक्तस्रावात दहातल्या सुमारे एकीला गर्भाशयाच्या अस्तराचा कर्करोग सापडतो, आणि लवकर सापडला तर बहुतेकदा बरा होतो. योनीतून सोनोग्राफी होईल; अस्तर ४ मिलिमीटरपेक्षा जाड दिसलं तर तुकडा तपासतात. गर्भाशयाच्या मुखाचीही तपासणी करून घ्या. क्रीम तोवर नको.

प्रश्न : पत्नी ५३ वर्षांची. वर्षभर जवळ येऊ देत नाही. इच्छाच नाही म्हणते. औषध आहे का? (विक्रोळी)

औषधाआधी त्यांना एवढंच विचारा : दुखतं का? वर्षभर दुखलं की योनीभोवतीचे स्नायू आपोआप आवळून घेतात, मग इच्छाही मरते. आधी मुलुंडच्या प्रश्नात सांगितला तसा कोरडेपणाचा उपचार करायचा. स्नायू फारच आवळलेले असतील तर त्यासाठी फिजिओथेरपिस्ट असतात. तोवर आत जाण्याचा आग्रह सोडा. जवळीक म्हणजे तेवढंच नव्हे, आणि 'आज काही करायचं नाही' हे आधीच ठरलेलं असलं की त्याही निवांत होतात. त्यांना नैराश्याच्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना सांगा, काहींनी इच्छा घटते. आपल्या मनानं गोळ्या बंद मात्र करू नका. तुम्हाला मधुमेह असेल तर स्वतःचीही तपासणी करा, ताठरता कमी झाली की दोघंही टाळू लागतात. आणि वन रूम किचनमध्ये सून-मुलगा पलीकडे झोपलेले असतील, तर यातलं निम्मं दुखणं कुठल्याच गोळीनं जाणार नाही. दुपारी घर रिकामं असतं ना?