वाट कोणाच्या ताब्यात?

बेटा,

तुझा मेसेज वाचला. ऐन आंबिया बहाराच्या संत्र्यांच्या तोडणीत माल विकायच्या त्या ॲपने तुमच्या शेतकरी गटाचं खातं बंद केलं, गिऱ्हाईकांची सगळी यादी आत अडकली, आणि तक्रार ऐकायला माणूस नाही, नुसता फॉर्म. हे वाईट झालं. पण शेवटी तू लिहितेस, "सर, त्या मोठ्या टेक कंपन्यांचे लोक हुशार आहेत म्हणूनच जगाचे मालक झाले, वरूडच्या कास्तकारांनी त्यांच्यापुढे काय बोलायचं?" खात्याचं पुढे पाहू. या 'म्हणूनच'ने माझं डोकं फिरलं.

हुशार आहेत, नाही कोण म्हणतं? पण हुशार माणूस परतवाड्याच्या गॅरेजातही सापडतो. मालक होतो तो वाट ताब्यात घेणारा.

१९८१ साली आयबीएमने पर्सनल कॉम्प्युटर बाजारात आणला. यंत्र त्यांचं, नाव त्यांचं. आतली ऑपरेटिंग सिस्टिम, म्हणजे यंत्र चालवणारा मूळ प्रोग्राम डॉस, तेवढी मायक्रोसॉफ्टची, आणि तीही मायक्रोसॉफ्टने सिएटलच्या एका छोट्या कंपनीकडून विकत घेतलेली. बिल गेट्सने करारात एक गोष्ट राखून ठेवली, हीच सिस्टिम दुसऱ्यांनाही विकायचा हक्क. पुढे तशीच यंत्रं बनवणाऱ्यांची रांग लागली, यंत्रं स्वस्त होत गेली, आणि जो तो डॉस मागायला एकाच दारात. जिथे लोक, तिथे प्रोग्राम लिहिणारे; जिथे प्रोग्राम, तिथे पुन्हा लोक. वरून नवी प्रत काढायला खर्च जवळपास शून्य. यात हुशारी कुठे संपली आणि वाटेचा ताबा कुठे सुरू झाला, ते बोट ठेवून दाखव मला.

हा माझा जुना हट्ट आहे, आणि तो पुस्तकातून आलेला नाही. आमचं वावर होतं. काळी जमीन, विहिरीला उन्हाळ्यातही पाणी. फक्त पांदणीपासून आत जायची वाट शेजाऱ्याच्या धुऱ्यावरून. एका वर्षी त्याने तिथे बाभळीच्या काट्या टाकल्या. मामलेदार न्यायालय अधिनियम १९०६ चा, त्याच्या कलम ५ खाली तहसीलदार वाट मोकळी करून देऊ शकतो. बाबांनी अर्ज केला. तारखा पडत गेल्या, बंडी आत जाईना, कापूस डोक्यावर वाहून आणला. शेवटी वावर विकलं. कोणाला? त्यालाच. वाट नसलेलं वावर दुसरा कोण घेतो? भावही त्याने सांगितला तोच. मी तेव्हा नागपूरला शिकत होतो. बाबा तहसीलच्या वऱ्हांड्यात एकटे बसायचे, हे अजून सलतं.

आता पुन्हा बघ. २०१४ साली फेसबुकने १९ अब्ज डॉलरला व्हॉट्सॲप घ्यायचं ठरवलं, तेव्हा तिथे कामाला माणसं ५५च्या आसपास. कोडचे कोणी इतके पैसे देतं का? लोक एकमेकांकडे ज्या वाटेने जातात ती वाट घेतली. ॲपलच्या सफारी ब्राउझरमध्ये शोध आपल्याच दारातून सुरू व्हावा म्हणून गुगलने एकट्या २०२२ सालात ॲपलला २० अब्ज डॉलर मोजले. चांगला माल आपोआप खपतो म्हणतात ना? मग हे पैसे कशाचे? ऑगस्ट २०२४ मध्ये अमेरिकेतले न्यायाधीश अमित मेहता यांनी सांगितलं की गुगलने शोधातली मक्तेदारी बेकायदा टिकवली आहे. आणि २०२२ मध्येच एलॉन मस्कने ४४ अब्ज डॉलरला ट्विटर घेतलं, मग कोणाचं बंद खातं उघडायचं हे तो ठरवू लागला. एक माणूस! तुझा फॉर्म कुठे जातो, कळलं?

फुकटचं, खुलं सॉफ्टवेअर वापरा हा उपाय मला सांगू नको, मी तो करून बसलोय. माझ्या कॉम्प्युटर क्लासात लिनक्स ही खुली ऑपरेटिंग सिस्टिम टाकली तेव्हा पालक म्हणाले, मास्तर बयताड झाला, परीक्षेत तर वर्ड-एक्सेल विचारतात. पोट्टे दुसऱ्या क्लासात गेले, माझा बंद पडला. हट्टापायी बुडाला, असं अजून बोलतात. बोलोत. माझ्याकडे शिकलेल्या पोरांपुढे कुठलंही यंत्र ठेवा, त्यांना घाम फुटत नाही. तुझा दादा त्यातलाच, विचार त्याला.

पण खुलं असून भागत नाही, हेही खरं. अँड्रॉइडच्या पोटात लिनक्सच आहे, तरी ॲपचं दुकान गुगलचं. ऑक्टोबर २०२२ मध्ये आपल्या स्पर्धा आयोगाने गुगलला १,३३७.७६ कोटींचा दंड लावला तो अँड्रॉइडच्या जोरावर केलेल्या दादागिरीसाठी. म्हणून कोड कोणाचा यावर थांबू नको. वाट कोणाची?

आणि वाट मोकळी ठेवता येते. सर्न या संशोधन संस्थेने ३० एप्रिल १९९३ ला वेब सगळ्यांना विनामूल्य खुलं केलं, नाहीतर तिथेही कोणी काट्या टाकल्या असत्या. 'फ्री बेसिक्स'च्या नावाने फेसबुक निवडक साइट फुकट देत होतं. ८ फेब्रुवारी २०१६ ला ट्रायने, म्हणजे आपल्या दूरसंचार नियामकाने, साइट पाहून डेटाचे वेगळे दर लावायला मनाई केली आणि ती योजना इथून गेली. त्याआधी लाखो लोकांनी ट्रायला लिहिलं होतं. तेही बोलले नसते तर? यूपीआयचंही तेच. फोनपेवरून गुगल पेला पैसे जातात, कारण मधली वाट यूपीआय चालवणाऱ्या एनपीसीआय या संस्थेची. व्यवहार मात्र बहुतेक या दोघांकडूनच होतात, तेव्हा तिथेही डोळा ठेवायचा.

आता तुझं काम. ॲप खुशाल वापर, मी संन्यास घ्यायला सांगत नाही. पण गिऱ्हाईकाचं नाव, नंबर, किती पेट्या गेल्या, हे दर आठवड्याला साध्या सीएसव्ही फाइलमध्ये, म्हणजे कुठल्याही यंत्रात उघडणाऱ्या तक्त्यात, उतरवून गटातल्या दोघांकडे ठेव. गटाच्या नावाचं डोमेन, म्हणजे इंटरनेटवरचा स्वतःचा पत्ता, घे, त्याचा खर्च एका चांगल्या पेटीच्या आसपास. मागची यादी हमालीच्या पावत्या आणि बँकेच्या नोंदींवरून जमव. कंटाळवाणं काम आहे, कर.

आणि ती पुण्याची कंपनी फुकट ॲप देते म्हणतेस, तर करारात लिहून घे की गटाला आपली सगळी माहिती कधीही, पैसे न देता, बाहेर नेता येईल. तोंडी "हो मॅडम" चालणार नाही. लिहून देत नसतील तर सही करू नको. संचालकांपैकी कोणी घाई केली तर माझं नाव सांग, शिव्या मी खातो. मसुदा आजच पाठव.

तुझा,
सर