कच्छहून आणलेले अमोनाइट, आणि आता वनखात्याचं पत्र

ठाण्याच्या एका वाचकाचा प्रश्न थोडक्यात असा. डिसेंबरात ते स्वतःच्या गाडीने सहकुटुंब कच्छला गेले. येताना ३५ अमोनाइट, म्हणजे ते वळ्यावळ्यांचे दगडी शंख, घेऊन आले. त्यातले २३ जुमाऱ्याजवळ ओढ्याच्या पात्रात सुटे पडलेले मिळाले. ४ त्यांनी लखपतकडे जाताना एका टेकडीवर छिन्नी-हातोड्याने खडकातून काढले आणि ८ एका खेड्यातल्या मुलाकडून ६०० रुपयांना घेतले. परतल्यावर ५ नग जुन्या वस्तू विकायच्या संकेतस्थळावर प्रत्येकी १५०० रुपयांना लावले, एक विकला गेला आणि कुरियरने बंगळुरूला रवाना झाला. आता कच्छमधल्या एका परिक्षेत्र वन कार्यालयाचं पत्र आलं आहे: दहा दिवसांत सर्व ‘फॉसिल’ घेऊन जबाबासाठी हजर राहा. स्टुटगार्टला असलेला पुतण्या म्हणतो, माझ्याकडे पाठवून द्या. वाचक विचारतात, ही चोरी झाली का, अटक होईल का, की सगळं सरळ खाडीत टाकून मोकळा होऊ?

आधी शेवटच्या प्रश्नाचं उत्तर: खाडीत काहीही टाकू नका आणि पुतण्याकडेही पाठवू नका. पत्र हातात पडल्यानंतर वस्तू नाहीशी केली तर भारतीय न्याय संहितेचं कलम २३८ (पुरावा नष्ट करणे, पूर्वीचं भा.दं.वि. २०१) अंगावर येऊ शकतं. आज तुमच्यावर असलेला संशय कदाचित किरकोळ वनगुन्ह्याचा असेल. त्यातून गंभीर भानगड उभी करायची तर खाडी हा उत्तम मार्ग आहे.

आता मूळ मुद्दा. भारतात जीवाश्मांसाठी वेगळा कायदा नाही. खाण मंत्रालयाने डिसेंबर २०२२ मध्ये भू-वारसा स्थळं आणि भू-अवशेष यांच्या जतनाच्या विधेयकाचा मसुदा हरकतींसाठी मांडला, पण त्याचा अजून कायदा झालेला नाही. म्हणून ‘अमोनाइट उचलणं गुन्हा आहे का?’ या प्रश्नाला एका शब्दात उत्तर नाही. तो कोणत्या जमिनीवरून उचलला, यावर सगळं ठरतं. तुमच्या ३५ दगडांचं उत्तरही एक नाही, निदान तीन आहेत.

वनखात्याचा अधिकार भारतीय वन अधिनियम, १९२७ मधून येतो. त्याच्या कलम २(४)(ख) मध्ये वनोपजात खडक आणि खनिजंही धरली आहेत, चुनखडकाचा तर नावानिशी उल्लेख आहे. पण अट अशी की ती वस्तू वनात सापडलेली किंवा वनातून आणलेली हवी. राखीव वनातून वनोपज काढणं किंवा नेणं कलम २६ खाली गुन्हा, संरक्षित वनात कलम ३३ लागतं. मूळ केंद्रीय कायद्यात शिक्षा सहा महिन्यांपर्यंत आहे, पण राज्यांनी आपापल्या दुरुस्त्यांनी शिक्षा बदलल्या आहेत. तुमच्या वकिलांनी गुजरातची अद्ययावत प्रत समोर ठेवूनच बोलावं, महाराष्ट्राची चालणार नाही. कलम ६९ विसरू नका: वनोपज सरकारचं की नाही असा वाद आला तर ते सरकारचंच मानलं जातं, आणि तसं नाही हे तुम्हाला सिद्ध करावं लागतं. मात्र ती जागा वनात येते, हे आधी खात्याला दाखवावं लागेल. तुमची लढाई, करायचीच झाली तर, तिथे आहे.

टेकडीवरच्या त्या ४ नगांची मला जास्त काळजी वाटते. लखपत तालुक्यात नारायण सरोवर अभयारण्य आहे. टेकडी त्याच्या हद्दीत निघाली तर वन अधिनियम मागे पडतो आणि वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ पुढे येतो. कलम २९ प्रमाणे मुख्य वन्यजीव रक्षकाच्या परवान्याशिवाय अभयारण्यातून वनोपजसुद्धा हलवता येत नाही. कलम ५१ ची सर्वसाधारण शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. ‘तीन वर्षांपर्यंत’ असं लिहिलेला गुन्हा सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये, कॉपीराइटच्या एका प्रकरणात, दखलपात्र आणि अजामीनपात्र धरला आहे, तो युक्तिवाद इथेही येऊ शकतो. पण हद्द नीट तपासा. हे अभयारण्य १९८१ मध्ये सुमारे ७६५ चौरस किलोमीटरचं जाहीर झालं होतं. १९९५ मध्ये ते सुमारे ४४४ चौरस किलोमीटरवर आणलं आणि सर्वोच्च न्यायालयाने २००० साली ती कपात कायम ठेवली. जुना नकाशा बघून घाबरू नका, आणि जुन्या नकाशावर विसंबून कबुलीही देऊ नका.

जागा ठरवायची कशी? तुमच्या मोबाइलमधल्या फोटोंत अक्षांश-रेखांश नोंदलेले असतील. प्रत्येक फोटोचा तपशील उघडून तारीख, वेळ आणि ठिकाण एका कागदावर उतरवा. फोटो व्हॉट्सॲपवरून पाठवलेले नकोत, फोनमधले मूळ हवेत. एकाने दुसऱ्याला पाठवताना ही माहिती बहुधा गळते. त्या ठिकाणाचं गाव आणि सर्व्हे नंबर काढून गुजरात सरकारच्या ‘एनी-आरओआर’ संकेतस्थळावर त्याचा सातबारा बघा (तिकडेही सातबाराच म्हणतात). जमीन खाजगी, सरकारी पडीक, गौचर म्हणजे आपलं गायरान, की वनखात्याच्या नावाची, ते त्यातून बरंचसं कळेल. सातबाऱ्यावर पडीक दिसणारी जमीनही अधिसूचनेने वनात गेलेली असू शकते. म्हणून माहिती अधिकारात उपवनसंरक्षकांकडे त्या सर्व्हे नंबरची राजपत्रातली अधिसूचना मागा. उत्तराला तीस दिवस मिळतात, तुमच्याकडे दहाच आहेत. तेव्हा अर्ज आजच टाका आणि त्याची पोच पत्राच्या उत्तराला जोडा. मुदत वाढवून मागायला तेवढं कारण पुरतं.

जमीन वन नाही असं निघालं तर सगळं संपलं असं नाही. सरकारी किंवा दुसऱ्याच्या जमिनीवरची वस्तू संमतीशिवाय नेली म्हणून चोरीचा, म्हणजे न्याय संहितेच्या कलम ३०३ चा, प्रश्न उरतो. इथे एक गैरसमज हमखास असतो: सुटा पडलेला दगड कुणाचाच नसतो. उलट आहे. जमिनीला चिकटलेली वस्तू चोरीचा विषय होत नाही, ती सुटी झाली की होते. ओढ्यातला अमोनाइट आधीच सुटा होता, टेकडीवरचा तुमच्या छिन्नीने सुटला, आणि काढणं-नेणं एकाच कृतीत झालं तरी चोरी होऊ शकते, असं त्याच कलमाचं स्पष्टीकरण सांगतं. बचाव आहे तो अप्रामाणिक हेतू नसल्याचा. सहलीला गेलेला माणूस नदीतला दगड खिशात टाकतो, त्यात कुणाला लुबाडायचं मनात नसतं, हे न्यायालयाला पटू शकतं. पण तुम्ही जाहिरात दिलीत, आणि तिथे बचाव पातळ होतो. शिवाय याच कलमात पाच हजारांखालच्या पहिल्या चोरीला, किंमत किंवा वस्तू परत केल्यास, फक्त समाजसेवेची शिक्षा आहे. तुम्ही पाच नगांना प्रत्येकी १५०० लावून ७५०० चा आकडा स्वतःच्या हाताने लिहून ठेवलात. बाजारभाव तेवढा नाही हे दाखवावं लागेल.

जाहिरात काढून टाका, पण आधी तिचा स्क्रीनशॉट आणि खरेदीदाराशी झालेला संवाद जपून ठेवा. बंगळुरूच्या खरेदीदाराला लेखी कळवा की वस्तूच्या मालकीबद्दल चौकशी चालू आहे, ती विकू किंवा बदलू नये, आणि पैसे परत करा. वस्तुविक्री अधिनियम, १९३० च्या कलम १४ प्रमाणे विक्रेत्याला विकायचा हक्क असणं ही गृहीत अट आहे, त्यामुळे पैसे आज ना उद्या द्यावे लागतीलच. तोच नियम त्या मुलाकडून घेतलेल्या ८ नगांना तुमच्या विरुद्ध लागतो: कलम २७, विकणाऱ्याकडे जेवढा हक्क तेवढाच तुमच्याकडे येतो. ६०० रुपये दिले म्हणून मालकी शुद्ध होत नाही. जबाबात त्या मुलाचं नाव, वर्णन आपण होऊन सांगत बसू नका. ‘स्थानिक व्यक्तीकडून, अमुक गावाजवळ’ एवढं खरं सांगितलं तरी सुरुवातीला पुरे.

आता पत्राला सामोरं कसं जायचं. जावक क्रमांक, तारीख, कोणत्या कलमाखाली बोलावलं आणि गुन्हा नोंदला असेल तर त्याचा क्रमांक, या चार गोष्टी पत्रात आहेत का बघा. नसतील तर उत्तरात विनयाने मागा. उत्तर एका पानाचं असावं आणि स्पीडपोस्टने तसंच ईमेलने जावं. त्यात फक्त एवढंच: पत्र मिळालं, सहकार्य करू, वस्तू सुरक्षित आहेत, जागेची माहिती मागवली आहे, वकिलासह हजर राहायला अमुक तारीख द्यावी. ‘मी छिन्नीने काढले, मला नियम माहीत नव्हता’ असं ओघात लिहून जाल, ते लिहू नका. पोलिसांसमोरच्या कबुलीला पुरावा कायद्यात जे संरक्षण आहे, ते वनाधिकाऱ्यांसमोरच्या जबाबाला मिळेलच असं धरून चालू नका. त्यांना वन अधिनियमाच्या कलम ७२ खाली चौकशीचे अधिकार दिलेले असतात. खोटं मात्र अजिबात बोलू नका, कारण दगड स्वतःच बोलतात. ओढ्यात पडलेल्या नगाला सगळीकडून सारखाच मळकट, गुळगुळीत थर असतो. छिन्नीने काढलेल्याची एक बाजू ताजी, फिकट, कोरी असते आणि कडेला लोखंडाची खूण दिसते. धोसा ऊलाइटमधला (कच्छमधल्या दाणेदार चुनखडकाच्या थरातला) नग असेल तर त्या ताज्या तोंडावर खसखशीसारखे गोल दाणे चकाकतात. भूविज्ञानाचा दुसऱ्या वर्षाचा विद्यार्थीही हा फरक सांगेल.

म्हणून धुऊ-घासू नका, व्हिनेगर लावू नका (चुनखडक विरघळतो), वॉर्निशही नको. प्रत्येक नग वर्तमानपत्रात गुंडाळा, पेन्सिलीने क्रमांक लिहिलेली चिठ्ठी आत टाका आणि तीन स्रोतांचे तीन खोके वेगळे ठेवा. शेजारी मोजपट्टी ठेवून फोटो काढा. हजर राहताना खोके न्या, पण पंचनाम्याची आणि जप्तीची प्रत घेतल्याशिवाय ताबा देऊ नका. पंचनाम्यात ‘३५ फॉसिल’ असं घाऊक लिहू देऊ नका, क्रमांकवार नोंद मागा. पस्तिसावा बंगळुरूला आहे, तेही त्यात यायला हवं. कलम ५२ खाली वनोपजासोबत हत्यारं आणि वाहनही जप्त करता येतं, त्यामुळे त्या दिवशी भुजला गाडीने जाण्यापेक्षा रेल्वेने जा.

वनगुन्ह्यात कलम ६४ प्रमाणे वॉरंटशिवाय अटक होऊ शकते, पण कलम ६५ मध्ये बंधपत्रावर सोडायचीही सोय आहे. अभयारण्याचा प्रश्न मोकळा असेपर्यंत अटकपूर्व जामिनाची तयारी ठेवा. त्यासाठी आधी गुजरातला धावावं लागत नाही. सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२३ मध्ये प्रिया इंदोरिया प्रकरणात सांगितलं आहे की गुन्हा दुसऱ्या राज्यातला असला तरी इथलं सत्र न्यायालय मर्यादित मुदतीचा अंतरिम दिलासा देऊ शकतं. मात्र त्याला सहसा गुन्हा नोंदलेला असावा लागतो, नुसतं पत्र असताना अर्ज घाईचा ठरेल.

जागा वनात निघाली पण अभयारण्यात नाही, तर माझं मत स्पष्ट आहे: लढू नका, कलम ६८ खाली तडजोड करा. अधिकार मिळालेला वनाधिकारी भरपाईची रक्कम घेऊन प्रकरण मिटवू शकतो आणि मग पुढची कारवाई होत नाही. गुजरातीत याला ‘मांडवाळ’ म्हणतात. मुंबईतल्या ‘मांडवली’शी शब्द जुळतो, पण ही कायदेशीर असते आणि हिची पावती मिळते. पावतीशिवाय एक रुपयाही देऊ नका.

दोन कायद्यांची नावं कुणी ना कुणी घेईल. खाण आणि खनिजे अधिनियम, १९५७ खाली न्यायालयाला दखल घ्यायला अधिकृत अधिकाऱ्याची लेखी तक्रार लागते, ३५ दगडांसाठी तो सहसा निघत नाही. पुरातन वस्तू अधिनियम, १९७२ ची व्याख्या मानवी इतिहासाच्या भाषेत लिहिलेली आहे आणि सोळा कोटी वर्षांपूर्वीचा शंख त्यात ओढूनताणून बसवावा लागतो. पण वाद झालाच तर कलम २४ प्रमाणे निर्णय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या महासंचालकांचा आणि तो अंतिम. म्हणूनच पुतण्याला पाठवणं नको. पार्सलवर ‘भेट: दगड’ लिहून पाठवलं तर सीमाशुल्क कायद्याखाली ती चुकीची घोषणा हाच स्वतंत्र गुन्हा होतो. स्टुटगार्टजवळच्या टेकड्यांत त्याच काळातले अमोनाइट भरपूर आहेत, त्याला तिकडच्या नियमांनी तिकडचेच बघू द्या. देवघरातल्या शाळिग्रामाची धास्ती मात्र घेऊ नका. तोही अमोनाइटच, पण नेपाळातल्या गंडकीचा, या पत्राशी त्याचा संबंध नाही.

प्रकरण मिटल्यावर काही नग तुमच्याकडे उरले आणि द्यायचे असतील, तर पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेला किंवा भुजच्या कच्छ विद्यापीठाच्या भूविज्ञान विभागाला आधी पत्र लिहून विचारा. सोबत ठिकाण, तारीख आणि सुटा की खडकातला, एवढं हवंच. वागेन या जीवाश्मतज्ज्ञाने १८७० च्या दशकात आणि नंतर स्पाथने १९२७ ते १९३३ मध्ये कच्छच्या अमोनाइटांना जी नावं दिली, ती कोणत्या थरातून काय आलं यावर उभी आहेत. तुमच्या ४ छिन्नीच्या नगांना थर सांगता येईल, ओढ्यातल्यांना नाही. त्या मुलाकडच्या ८ नगांची जागाच माहीत नाही, ते कोणी घेईल असं वाटत नाही.

पुन्हा जायचं असेल तर जागा आधी ठरवा, वनजमीन असेल तर उपवनसंरक्षकांची लेखी परवानगी, शेत असेल तर सर्व्हे नंबर घातलेलं शेतकऱ्याचं संमतिपत्र आणि चुनखडीची खाण असेल तर पट्टेदाराचं पत्र घ्या. छिन्नी घरी ठेवा.