सेस्ना १७२चा टायर बदलायला गाडीचा जॅक चालेल का?

टेक्सासमधले तुमचे मेहुणे त्यांच्या जुन्या सेस्ना १७२ या छोट्या विमानाचं मुख्य चाक पंक्चर झालं की गाडीचा जॅक लावून स्वतःच टायर बदलतात. हे कायदेशीर आणि सुरक्षित आहे का, असं तुम्ही विचारलंय. मी एका फ्लाइंग स्कूलच्या हँगरमध्ये एएमई, म्हणजे विमानांची देखभाल करणारा परवानाधारक इंजिनिअर, आहे आणि हे काम नेहमीचं आहे.

कायद्याचं आधी उरकतो. अमेरिकेत परवानाधारक वैमानिकाला स्वतःच्या खासगी विमानाचा टायर बदलता येतो. एफएएच्या, म्हणजे तिथल्या विमान वाहतूक नियामक संस्थेच्या, नियमावलीत, भाग ४३च्या परिशिष्टात, अशा किरकोळ देखभालीच्या यादीत हे काम आहे. फक्त लॉगबुकात नोंद करायची. आमच्याकडे, म्हणजे भारतातल्या ट्रेनिंग स्कूलमध्ये, एएमईची सही झाल्याशिवाय विमान पुन्हा उडत नाही.

आता जॅक. १७२एन मॉडेलचं कमाल उड्डाणवजन २३०० पाउंड, म्हणजे साधारण १०४३ किलो. त्यातली एकच बाजू उचलायची असल्याने गाडीचा बरा जॅक वजन सहज पेलतो. अडचण वेगळीच आहे. सेस्नाच्या मुख्य चाकांना शॉक ॲब्झॉर्बर नसतात, चाकाला धरणारा स्प्रिंग स्टीलचा पायच लवचिक असतो. विमान उभं असताना वजनाने तो बाहेर फाकलेला असतो. तुम्ही जॅक चढवायला लागलात की चाकावरचा भार सुटतो आणि चाक आत, पोटाकडे सरकतं. जॅकचं बूड फरशीवर जागच्या जागी, डोकं मात्र पायाबरोबर निघालेलं. उभा लावलेला जॅक बघता बघता कलतो. अरुंद बुडाचा कात्री जॅक असेल तर तो निसटायला वेळ लागत नाही, आणि विमान धाडकन खाली येतं.

म्हणून हे एका दमात करायचंच नाही. विमानाच्या हँडबुकातही तसंच लिहिलंय: थोडं उचला, जॅक कलला की खाली घ्या, सरळ लावा आणि मग दुसऱ्यांदा उचला. दोन्ही मुख्य चाकं पायांवरून एकाच वेळी उचलायला मनाई आहे. १७२एनमध्ये जॅक लावायची जागा पायावरच्या पायरीच्या ब्रॅकेटमध्येच दिलेली आहे. ब्रेकचा ओतीव भाग हाताशी असतो म्हणून पुष्कळांना त्याच्याखाली जॅक लावायचा मोह होतो. मेहुण्यांना एवढं एक नक्की विचारा, ते जॅक नेमका कुठे लावतात.

उचलण्यापूर्वी विमान हँगरमध्ये, सपाट फरशीवर घ्या. वरच्या पंखाच्या विमानाला वाऱ्याची एक झुळूकसुद्धा जॅकवरून हलवू शकते. दुसऱ्या मुख्य चाकाला आणि नाकाच्या चाकाला पुढून-मागून चोक, म्हणजे अडवायच्या पाचरी, लावा. पार्किंग ब्रेक सोडलेला हवा. त्याचं कारण पुढे येईल. किल्ली काढून खिशात. फ्युएल सिलेक्टर, म्हणजे इंधन कुठल्या पंखातल्या टाकीतून घ्यायचं ते ठरवणारा खटका, ‘बोथ’वर (दोन्ही टाक्यांवर) ठेवू नका, नाहीतर उचललेल्या बाजूच्या टाकीतलं इंधन खालच्या टाकीत उतरतं आणि तिच्या हवेच्या नळीतून (व्हेंट) टपकत बसतं. टायर पार बसलेला असेल तर जॅक खाली शिरतच नाही, त्यामुळे बुटका जॅक शोधावा लागतो. आणि उचलताना हवा भरलेला नवा टायर जुन्यापेक्षा उंच असणार हे धरून चाला. चाक काढल्यावर ‘अजून दोन इंच हवं होतं’ म्हणून पुन्हा जॅक चढवणं मला तरी आवडत नाही. जॅकच्या वर सरकणाऱ्या दांड्याला (रॅम) तो खाली घसरू न देणारी लॉकिंग कॉलर असेल तर ती लगेच फिरवून घ्यायची.

माझ्या मते माणूस खरा जखमी होतो तो मात्र जॅकने नाही, चाकाने. विमानाचं चाक दोन अर्ध्या रिमांचं असतं, बोल्टांनी एकत्र आवळलेलं. आत हवा असताना ते बोल्ट सोडले तर रिमचे दोन भाग स्फोटासारखे उडतात. त्यामुळे ॲक्सलच्या नटाला हात लावण्यापूर्वी व्हॉल्व्हची पिन पूर्ण काढून बाजूला ठेवायची. नुसती दाबून ‘गेली हवा’ म्हणायचं नाही. टायर पंक्चर दिसला तरी हेच.

मग ब्रेकचे दोन बोल्ट काढून मागची पट्टी सुटते आणि चाक ॲक्सलवरून बाहेर येतं. आता कॉकपिटमध्ये कोणी पेडल दाबलं, किंवा पार्किंग ब्रेकचा दाब लाइनमध्ये राहिलेला असला, तर कॅलिपरचा, म्हणजे ब्रेक आवळणाऱ्या भागाचा, पिस्टन बाहेर येतो आणि फरशीवर लाल तेलाचं तळं होतं. आमच्याकडे अशा वेळी पेडलवर पाटी लटकवलेली असते.

नवा टायर चढवताना त्यावरचा लाल ठिपका ट्यूबच्या व्हॉल्व्हसमोर आणा. ट्यूबवर जड बाजूची खूण असेल तर त्या खुणेसमोर. ट्यूबला टाल्कम लावा. एकदा हवा भरून पूर्ण सोडा आणि पुन्हा भरा, म्हणजे आतल्या घड्या सुटतात. रिमचे बोल्ट टॉर्क रेंचनेच (किती जोर लागला ते दाखवणारा पाना) आवळायचे, आकडा चाकाच्या मॅन्युअलमधला. ॲक्सलचा नट फिरू न देणारी कॉटर पिन नवीच घालायची.

पायपर चेरोकीसारख्या खालच्या पंखाच्या विमानाला ही जॅकची पद्धत लागू नाही. तिथे पंखांखालच्या ठरलेल्या जागांवर दोन जॅक लागतात आणि शेपटीच्या स्टँडवर सुमारे २५० पाउंड वजन ठेवावं लागतं, नाहीतर विमान नाकावर झुकतं.

१७२एनच्या मुख्य टायरमध्ये २९ पीएसआय हवा हवी. नवा टायर पहिल्या दिवसात थोडा ताणला जातो आणि दाब उतरतो, तेव्हा दुसऱ्या दिवशी उड्डाणाआधी पुन्हा गेज लावा.