यिग (यट्रियम आयर्न गार्नेट, एक चुंबकीय पदार्थ) इन्सुलेटर आहे, त्यावर प्लॅटिनमचा पातळ थर असतो, करंट फक्त प्लॅटिनममधून जातो, मग यिगचं मॅग्नेटायझेशन (चुंबकत्वाची दिशा) फिरवलं की प्लॅटिनमचा रेझिस्टन्स का बदलतो?

कारण इलेक्ट्रॉन यिगमध्ये शिरत नसले तरी त्यांचा स्पिन (इलेक्ट्रॉनचा छोट्या चुंबकासारखा अंगभूत गुण) शिरू शकतो, सगळी गंमत तिथेच आहे. प्लॅटिनम जड धातू, त्यात स्पिन-ऑर्बिट कपलिंग (इलेक्ट्रॉनचा स्पिन आणि त्याची गती यांची सांगड) जोरदार, म्हणून करंट सोडला की स्पिन हॉल इफेक्टमुळे (विरुद्ध स्पिनचे इलेक्ट्रॉन विरुद्ध बाजूंना वळतात) एका दिशेचे स्पिन इंटरफेसपाशी, म्हणजे यिग-प्लॅटिनमच्या सीमेवर, गोळा होतात. आता यिगचं मॅग्नेटायझेशन त्या स्पिनला समांतर असेल तर ते परत फिरतात आणि उलट्या स्पिन हॉलने (स्पिनचा प्रवाह पुन्हा करंटमध्ये बदलतो) मूळ करंटला थोडा हातभार लावतात, पण काटकोनात असेल तर यिग ते टॉर्क (मॅग्नेटायझेशनला पीळ देणारा जोर) म्हणून शोषून घेतं, हातभार कमी होतो नि रेझिस्टन्स किंचित वाढतो. यालाच स्पिन हॉल मॅग्नेटोरेझिस्टन्स म्हणतात, २०१३ मध्ये हे नीट मांडलं गेलं.

बदल अगदी बारीक असतो, साधारण दहा हजारात एक भाग, त्यामुळे प्लॅटिनम काही नॅनोमीटरचंच ठेवा, जाड केलंत तर सिग्नल बुडतो. आणि प्लॅटिनम टाकायच्या आधी यिगचा पृष्ठभाग खरंच स्वच्छ करा हो, हवेतून बसलेला थर मध्ये राहिला तर स्पिन पलीकडे जातच नाही, फिल्म कितीही चांगली असो.