काकू, चाळीस भाग एकदम देऊ नका, दरवर्षी एक द्या

नमस्कार काकू,

तुमचा मेल दोनदा वाचला. पहिल्यांदा वाचताना वाटलं सोपं उत्तर आहे, देऊ नका म्हणून मोकळं व्हायचं, पण दुसऱ्यांदा वाचल्यावर तुमच्या त्या प्रोफेसरांच्या ओळीवर अडकलो. त्यावर नंतर येतो.

आधी बाकीच्या वाचकांसाठी काकूंचा प्रश्न थोडक्यात. वय 61, नुकत्याच रिटायर झाल्यात, पेन्शन नाही, एकरकमी पैसे मिळालेत. घर स्वतःचं, कर्ज नाही, मुलगा कमावता आणि वेगळा राहतो. काका चार वर्षांपूर्वी गेले. काकू स्वतः गरीब घरातून स्कॉलरशिपवर शिकल्या, आणि आता त्याच विद्यापीठात काकांच्या नावाने कायमस्वरूपी निधी ठेवायचाय, व्याजातून दरवर्षी गरीब घरातल्या टॉपर मुलांना स्कॉलरशिप. आकडे त्यांनी स्वतःच हुशारीने भागांमध्ये दिलेत, सगळ्या पैशांचे 100 भाग धरायचे, त्यातले 40 निधीला द्यायचेत, आणि घरखर्चाला वर्षाला 4 भाग लागतात. विद्यापीठाने कळवलंय की रक्कम एकदाच पूर्ण द्यावी लागेल, परत मिळणार नाही, दरवर्षी निधीच्या 4 टक्के वाटप होईल, आणि नाव कायम राहील. मुलगा म्हणतो थांब जरा. काकू विचारतात, देऊ का?

काकू, द्या. पण असं नाही आणि एवढं तर अजिबात नाही.

आधी तुमचं बघू, कारण तुमच्या मेलमध्ये सगळ्यांची काळजी आहे फक्त तुमची नाहीये. महागाई वजा जाता तुमच्या पैशावर वर्षाला 2 टक्के सुटतात असं धरूया, रिटायर माणसाने जपून ठेवलेल्या पैशावर यापेक्षा जास्त धरून चालणं मला पटत नाही. तर 100 च्या 100 भाग तुमच्याकडे राहिले आणि वर्षाला 4 काढले तर पैसे साधारण 35 वर्षं पुरतात, म्हणजे तुमच्या वयाच्या 96 पर्यंत. आता 40 देऊन टाका, 60 उरले, खर्च तोच. किती पुरतील? 18 वर्षं. म्हणजे 79 व्या वर्षी खातं रिकामं. पैसे दिले चाळीस टक्के आणि आयुष्याची पुंजी जवळजवळ निम्म्या वर्षांत संपली, कारण उरलेल्या पैशाला स्वतः कमवायला वेळच मिळत नाही, खर्च त्याला आधीच खाऊन टाकतो. आणि यात एखादं मोठं आजारपण, घराची मोठी दुरुस्ती, सोबतीला माणूस ठेवायची वेळ येणं, यातलं काहीच धरलेलं नाही. 79 ला तुम्ही कोणाकडे बघणार? मुलाकडे. म्हणजे हिशोब नीट मांडला तर ती स्कॉलरशिप अर्धीअधिक तुमचा मुलगा देतोय, पंधरा-वीस वर्षांनी, आणि त्याला हे आत्ता कोणी विचारलेलं नाही. तो थांब म्हणतोय ते कंजूषपणाने म्हणत नसावा एवढंच मला म्हणायचंय.

आता दुसरी बाजू, विद्यार्थ्याच्या हातात काय पडतं. 40 भागांच्या निधीतून 4 टक्के म्हणजे वर्षाला 1.6 भाग. बस. चाळीस अडकवून दीड-पावणेदोन. कायमस्वरूपी निधी असाच चालतो, मुद्दलाला हात लावायचा नाही, महागाईने मुद्दल झिजू नये म्हणून कमाईतला काही हिस्सा परत मुद्दलातच घालायचा, आणि उरेल ते वाटायचं. मोठमोठ्या विद्यापीठांचे निधी पण साधारण 4 ते 5 टक्केच वाटतात, त्यात फसवणूक काही नाही. पण हेच 1.6 भाग तुम्ही स्वतःच्या खात्यातून दरवर्षी दिले, सलग दहा वर्षं, महागाईप्रमाणे वाढवत, तर आजच्या किमतीत त्यासाठी साडेचौदाच्या आसपास भाग बाजूला ठेवावे लागतात. चाळीस नाही, साडेचौदा! विद्यार्थ्याला दहा वर्षं तेवढेच पैसे मिळाले, उलट एक वर्ष आधीपासून, कारण निधीचं पहिलं वाटप व्हायला बहुतेक ठिकाणी निदान वर्षभर थांबावं लागतं. अकराव्या वर्षापासून मात्र निधी पुढे चालू राहतो आणि तुमचं देणं थांबतं, हा फरक खरा आहे आणि तो मी लपवत नाही. त्याचा मार्ग मृत्युपत्रात आहे, सांगतो.

माझा सल्ला असा की 1.6 पण नको, वर्षाला 1 भाग द्या. दहा वर्षांसाठी तो आजच्या किमतीत 9 भागांना पडतो, उरलेल्या 91 भागांवर तुमचा घरखर्च वयाच्या 91-92 पर्यंत जातो, आणि मुख्य म्हणजे मध्येच काही झालं तर तुम्ही एखादं वर्ष थांबू शकता. एकदा दिलेल्या चाळिसाला ही सोय नाही. बाजार पडला तर निधीचं काय होतं तेही विचारा त्यांना, 2008 च्या मंदीत अमेरिकेत कित्येक निधी मूळ देणगीच्याही खाली गेले आणि काही ठिकाणी त्या निधीतून होणारं वाटप थांबवावं किंवा कमी करावं लागलं, म्हणजे विद्यार्थ्याला पैशाची सगळ्यात जास्त गरज असताना.

आता त्या प्रोफेसरांची ओळ. तुम्ही लिहिलंय, "दुसऱ्या वर्षी हॉस्टेलचे पैसे भरायला नव्हते, सामान बांधलं होतं, एका सरांनी भरले, नाहीतर मी तिथेच संपले होते." काकू, तुमच्याकडे तेव्हा स्कॉलरशिप होती ना? होती. टॉपर पण होता. तरी सामान बांधलं होतं. आणि आता तुम्ही जी योजना मांडलीय ती पहिल्या नंबराच्या मुलाला बक्षीस द्यायची, सामान बांधलेल्या मुलीला त्यातून काही मिळणार नाही.

मी स्वतः या वाटेने गेलोय म्हणून बोलतो. माझी स्कॉलरशिप मंजूर झाली होती, यादीत नाव होतं, पेढे वगैरे सगळं झालं, पण पैसे आले दुसऱ्या सत्रात आणि फी होती पहिल्या सत्राच्या आधी. वडिलांनी व्याजाने पैसे उचलले. स्कॉलरशिप आल्यावर त्यातला बराचसा हिस्सा त्या व्याजातच गेला. तेव्हापासून कोणीही स्कॉलरशिपबद्दल विचारलं की माझा पहिला प्रश्न किती मिळणार हा नसतो, कधी मिळणार हा असतो.

पहिल्या नंबराच्या हुशार गरीब मुलाच्या मागे तशाही चार योजना असतात. फी माफ होते, फोटो येतो. अडतं ते पुढे, दुसऱ्या तिसऱ्या वर्षी, फी सोडून बाकीच्या खर्चात. राहणं, प्रवास, पुस्तकं, लॅपटॉप बंद पडला, घरी कमावणारा आजारी पडला म्हणून मुलगा शिफ्टमध्ये काम करायला लागला, मार्क घसरले, आणि मार्कांच्या अटीमुळे स्कॉलरशिप पण गेली. म्हणजे ज्याला सगळ्यात जास्त गरज त्याचीच आधी जाते. अमेरिकेत अटलांटामधलं जॉर्जिया स्टेट विद्यापीठ आहे, तिथे दर सत्राला फी थोडीशी थकली म्हणून शेकडो मुलांची नावं वर्गातून कापली जायची, आणि त्यातली बरीच पदवीच्या अगदी तोंडाशी आलेली. 2011 मध्ये त्यांनी छोटी अनुदानं सुरू केली. मुलाने अर्ज करायचा नाही, विद्यापीठच थकबाकीची यादी बघणार, अभ्यास नीट चाललाय का ते बघणार आणि फरक परस्पर खात्यात जमा करणार. सरासरी रक्कम हजार डॉलरच्याही आत. अमेरिकेतल्या पदवीच्या खर्चापुढे ही रक्कम म्हणजे काहीच नाही, पण तेवढ्यासाठी मुलं घरी जात होती. तुमच्या सरांनी जे केलं तेच हे, फक्त पद्धतशीर.

तर तुमचा 1 भाग टॉपरच्या बक्षिसाला न देता या थकबाकीला द्या. काकांचं नाव तिथेही लागतं.

नाहीतर दुसरा पर्याय, एकच मूल धरा आणि पूर्ण कोर्सभर त्याला द्या, पण मग पहिल्याच दिवशी लेखी सांगा की शेवटच्या वर्षापर्यंत मिळणार. दरवर्षी नव्याने अर्ज, दरवर्षी धाकधूक, असलं नको. मिशिगन विद्यापीठाने 2015 मध्ये एक प्रयोग सुरू केला होता, कमी उत्पन्नाच्या घरातल्या हुशार मुलांना घरी पत्र पाठवलं की तुम्हाला प्रवेश मिळाला तर चारही वर्षांची ट्यूशन फी माफ, वेगळे आर्थिक मदतीचे फॉर्म भरायची गरज नाही. गंमत म्हणजे यातल्या बहुतेकांना एवढी मदत तशीही मिळालीच असती, फक्त आधी अर्ज, मग कागदपत्रं, मग बघू असं असायचं. पत्र मिळालेल्यांपैकी 68 टक्के मुलांनी अर्ज केला, न मिळालेल्यांपैकी 26 टक्के. प्रत्यक्ष प्रवेश घेणारे 27 टक्के विरुद्ध 12. पैसा जवळपास तोच, खात्री वाढली. गरीब घरात "बहुतेक मिळेल" या शब्दाला काही किंमत नसते, कारण नाही मिळालं तर पडायला खाली काही नसतं, हे तुम्हाला मी काय सांगणार.

एक खाचखळगा सांगून ठेवतो, याच्याबद्दल देणाऱ्यांना सहसा माहीतच नसतं. बाहेरून स्कॉलरशिप आली की काही विद्यापीठं स्वतः देत असलेली मदत तेवढीच कमी करतात. तुम्ही 1 दिला, त्यांनी 1 कापला, मुलाचा खर्च होता तिथेच, फायदा विद्यापीठाला. अमेरिकेत हे इतकं चालायचं की मेरीलँड राज्याने 2017 मध्ये आपल्या सरकारी विद्यापीठांपुरतं यावर कायद्याने बंधन घातलं, तसं करणारं ते पहिलं राज्य. त्यामुळे पैसे द्यायच्या आधी विचारा, माझ्या पैशामुळे त्या मुलाची दुसरी कुठली मदत कमी होणार का, आणि उत्तर लेखी घ्या.

अटींबद्दल थोडं. तुम्ही अमुक विषयच, अमुक मार्कांच्या वरच, अमुक गावचाच असं लिहून पाठवलंय. काकू, माणसं जातात आणि अटी राहतात. ऑक्सफर्डला शिकायला मिळणारी ऱ्होड्स स्कॉलरशिप 1902 च्या मृत्युपत्रातून आली, त्यात ती फक्त पुरुषांसाठी होती, आणि मुलींना ती मिळायला 1977 उजाडलं, त्यासाठी ब्रिटनमध्ये कायदा बदलावा लागला. आणि उद्देशाचा अर्थ दोघांनी वेगळा लावला तरी वाद होतो. अमेरिकेतल्या प्रिन्स्टन विद्यापीठाला रॉबर्टसन कुटुंबाने 1961 मध्ये साडेतीन कोटी डॉलरचे शेअर्स दिले, सरकारी सेवेसाठी माणसं तयार करायला. पुढे पैसे भलतीकडे वापरले जातायत म्हणून कुटुंबाने 2002 मध्ये कोर्टात केस टाकली, तडजोड व्हायला 2008 उजाडलं. तुमची रक्कम त्यापुढे कुठेच नाही, पण तुमच्या मुलाला कोर्टात जायची वेळ येऊ नये असं वाटत असेल तर उद्देश एका वाक्यात स्पष्ट लिहा, "आर्थिक अडचणीमुळे शिक्षण सुटण्याच्या बेतात असलेला विद्यार्थी", आणि मार्कांची अट घालायचीच असेल तर एक सत्र सूट ठेवा. विषय आणि गाव सोडून द्या.

टॅक्सचं विचारलंत, देणगीवर सूट मिळत असेल तर घ्या, पण त्यासाठी रक्कम वाढवू नका, सूट कधीच देणगीपेक्षा मोठी नसते.

आणि आता मृत्युपत्र. कायमस्वरूपी निधीची तुमची इच्छा आहे ना, ती तिथे पूर्ण करा. तुमच्यानंतर जे काही उरेल त्याचा ठराविक हिस्सा विद्यापीठाला, काकांच्या नावाने. हिस्सा टक्क्यात लिहा, रकमेत नको, कारण तोपर्यंत किती उरेल हे आज कोणालाच सांगता येत नाही आणि ठरलेली रक्कम लिहिली तर उरलं कमी असताना मुलाच्या वाट्याला काहीच येणार नाही. हे लिहायच्या आधी त्याच्याशी बोला, आणि बोलताना 79 चा आकडा त्याला दाखवा. मला वाटतं तो थांब म्हणायचा थांबेल, कदाचित वर्षाच्या एका भागात स्वतः काही घालेल पण, मी असं एक-दोन घरांत बघितलंय. नाही घातलं तरी वाईट वाटून घेऊ नका.

विद्यापीठाला या आठवड्यात मेल टाका, 40 चा विचार तूर्त थांबवला म्हणून सांगा. ते जरा नाराज होतील, होऊ देत. त्यातच विचारा की दर सत्राला फी थकल्यामुळे किती मुलांची नावं कापली जातात आणि सरासरी थकबाकी किती असते. हा आकडा फी घेणाऱ्या काउंटरवर असतो, देणगी विभागाकडे बहुतेक नसतो, त्यामुळे थोडा पाठपुरावा करावा लागेल. तो आला की मला कळवा, तुमच्या एका भागात किती मुलं बसतात ते आपण मोजू. आणि पहिला हप्ता पुढच्या वर्षावर ढकलू नका, नावं कापायची तारीख कधी आहे ते विचारून त्याच्या आधी भरा.