टेसल बेटावर आई-बाबांना घेऊन जावं का? एक दिवस पुरतो का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: कामानिमित्त ॲमस्टरडॅमला आहात, मे महिन्यात आई-बाबा येणार आहेत, ट्युलिप आणि कालवे ठरलेत, आणि कोणीतरी टेक्सेल बेट सुचवलंय. पण तुम्ही अलिबागचे, समुद्र घरचाच, मग तिथं वेगळं ते काय?

आधी नाव. स्पेलिंगवरून आपण टेक्सेल वाचतो, इथले लोक मात्र 'टेसल' म्हणतात. तिकिटाच्या खिडकीवर टेक्सेल म्हटलंत तरी कळतं, फक्त समोरचा गालात हसतो.

मी वेंगुर्ल्याचा, सहा वर्षं इथल्या अल्कमार शहरात राहतो आणि या बेटावर आतापर्यंत नऊ वेळा गेलोय. नुसता समुद्र पाहायचा असेल तर अलिबागच बरं, निदान पाण्यात पाय घालता येतो. पण तुम्ही अलिबागचे आहात म्हणजे खारेपाट माहीत असणार. बांध घालून खाडीकडून हिसकावलेली शेतं, उधाणाला बांध फुटून पडणारी खांड, मग ती बुजवायला गावची धावपळ. टेसल म्हणजे हाच खेळ, फक्त चारशे वर्षं आणि पंचवीस किलोमीटर लांबीचा.

बेटाच्या उत्तरेचा भाग पूर्वी वेगळंच बेट होतं. नाव आयरलँड, म्हणजे अंड्यांची जमीन (तुमच्या डोळ्यांसमोर आलेला तो दुसरा देश नव्हे). तिथं समुद्रपक्ष्यांची अंडी गोळा करून ॲमस्टरडॅमला विकायला नेत. १६२९-३० मध्ये मधल्या उथळ भागात वाळूचा बांध घालून दोन्ही बेटं जोडली. त्या बांधाच्या आडोशाला गाळ साठत गेला आणि १८३५ मध्ये तिथं पोल्डर झालं, म्हणजे आपलं खारेपाटच. एकदा जमल्यावर माणसाला आणखी हाव सुटते. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर समुद्राच्या बाजूनं अजून एक वाळूचा बांध घातला. १८५८ च्या वादळात तो फुटला, त्याला खांडी पडल्या. इतर बुजवल्या. एक काही केल्या बुजेना. पुढं कितीतरी वर्षं प्रयत्न चालले, शेवटी नाद सोडला.

त्या न बुजलेल्या खांडीचं नाव स्लुफ्टर, आणि माझ्या मते बेटावर बघायला जायची जागा हीच. दीपगृहाचे फोटो सगळे काढतात, काढा तुम्हीही, पण वेळ द्यायचा तो इथं.

गाडी लावून वाळूच्या टेकडीवरचा जिना चढायचा. वर पोचलात की समोर एकदम मोकळं: टेकड्यांच्या दोन रांगांमध्ये सपाट खाजण, त्यातून वळवळत जाणारे चर, आणि लांब पश्चिमेला टेकड्यांमधली फट, जिथून उत्तर समुद्र रोज दोनदा आत येतो आणि दोनदा परत जातो. जुलै-ऑगस्टमध्ये सी-लॅव्हेंडरनं सगळं जांभळं होतं. मेमध्ये ते दिसणार नाही, पण खारट मातीत उगवणारी ती मांसल, बोटाएवढी झुडपं असतील. एक तोडून चावून बघा, आपल्या खाजणातल्या घोळासारखी खारट लागते. चमचे पक्षीही दिसतील. चोच पाण्यात घालून डावी-उजवीकडे हलवत चालतात, ताक घुसळल्यासारखं. विणीच्या दिवसांत उत्तरेकडचा भाग बंद असतो, पाट्या लावलेल्या असतात, त्या पाळा.

आता माझी फजिती. पहिल्यांदा गेलो तेव्हा भरतीचं वेळापत्रक पाहिलं नाही. का पाहू? मी वेंगुर्ल्याचा! आमचे आजोबा सांगायचे, "तिथीची पाऊणपट कर, चुकूचा नाय." म्हणजे तिथीला पाऊणनं गुणलं की भरतीची वेळ. षष्ठी होती. सहा पाऊणे साडेचार, म्हणजे भरती संध्याकाळी साडेचारला आणि सकाळी साडेदहाला पूर्ण सुकती, म्हणजे ओहोटी. निर्धास्तपणे घोट्याएवढा चर ओलांडून पुळणीवर गेलो, थालीपीठ खाल्लं, पडून राहिलो. साडेबाराला परत आलो तर त्याच चरात गढूळ पाणी आतल्या दिशेनं पळतंय आणि पलीकडचा काठ दुप्पट लांब गेलाय. पलीकडं दुर्बीण लावून एक आजोबा पक्षी बघत होते. त्यांनी मला शांतपणे पाहिलं, आणि अजिबात आवाज न चढवता हातानं खूण केली: पँट काढ. काढली. मांडीपर्यंत पाणी, एप्रिलचं. पलीकडं पोचल्यावर ते एवढंच म्हणाले की अजून अर्ध्या तासानं आला असतास तर संध्याकाळपर्यंत तिथंच बसला असतास.

माझ्या आजोबांचं गणित खोटं नव्हतं, ते कोकणचं होतं. भरतीची लाट डच किनाऱ्यावर दक्षिणेकडून उत्तरेकडं सरकत जाते, त्यामुळं प्रत्येक बंदराची वेळ वेगळी. म्हणून बोट, हॉटेल, काहीही ठरवण्याआधी त्या दिवसाचं भरतीचं वेळापत्रक बघा. टेकडीवरूनच पाहणार असाल तर भरतीला जा, खाजण भरताना दिसेल. खाली उतरणार असाल तर सुकती लागल्यावर.

पूर्व किनारा अगदीच वेगळा आहे. तिकडे वाडनझे, ओहोटीला मैलोन्मैल चिखल उघडा पडणारा उथळ समुद्र, २००९ पासून जागतिक वारसा. त्या बाजूला वाळूच्या टेकड्या नाहीत, हिरवा बांध आणि बांधाच्या खाली शेतं, समुद्रापेक्षा खोल. दक्षिणेकडच्या प्रिन्स हेन्ड्रिक पोल्डरचा बांध कमजोर ठरला तेव्हा २०१९ मध्ये इथल्या लोकांनी तो उंच करायच्या ऐवजी बाहेरच्या बाजूला सुमारे तीन किलोमीटर वाळू ओतली आणि नवा किनाराच तयार केला. आपल्याकडे धूप झाली की दगड आणि टेट्रापॉड टाकून मोकळे होतात. तो वाळूचा किनारा पाहिल्यावर मला घरच्या बंधाऱ्यांची थोडी लाज वाटली, खरं सांगतो.

औडेस्किल्ड हे बंदराचं गाव तुमच्या बाबांना आवडेल. याच किनाऱ्यासमोर डच ईस्ट इंडिया कंपनीची जहाजं नांगर टाकून वाऱ्याची वाट बघत, कधी कधी आठवडेच्या आठवडे. १६३७ मध्ये वेंगुर्ल्यात वखार घातली ती याच कंपनीनं. ती पडकी डच वखार शाळेत असताना आमची लपाछपीची जागा होती, त्यामुळं इथं उभं राहिलं की मला उगाच ओळखीचं वाटतं. जहाजांसाठी प्यायचं पाणी जवळच्या टेकाडावरच्या विहिरींतून येई. पाण्यात लोह जास्त, म्हणून ते पिंपात जास्त दिवस टिकतं असा लौकिक होता. विहिरी अनाथाश्रमाच्या मालकीच्या, पाण्याचे पैसे त्या मुलांसाठी. आजही त्यांना अनाथांच्या विहिरी म्हणतात. गावात काप स्किल नावाचं संग्रहालय आहे. तिथं या नांगरवाड्याची भलीमोठी प्रतिकृती आहे, आणि समुद्रतळाच्या वाळूत बुडालेल्या जहाजात २०१४ मध्ये सापडलेला सतराव्या शतकातला रेशमी झगाही. साडेतीनशेहून जास्त वर्षं पाण्यात राहून त्याची वीण शाबूत आहे. पाऊस आला तर सगळा दुपारचा वेळ इथंच घालवा.

विहिरी ज्या टेकाडावर आहेत त्याचं नाव होखे बेर्ख, उंच डोंगर. उंची १५ मीटर. हसू नका. हिमयुगात बर्फानं ढकलून आणलेल्या मातीचा हा ढीग आहे, बेटाचा घट्ट गाभा तोच, बाकी सगळी वाळू आणि गाळ. इथं शेतांना कुंपण म्हणून गवताळ मातीचे ठोकळे रचून केलेले गडगे आहेत, आपल्या चिऱ्याच्या गडग्याचे मऊ भाऊ. आणि अर्धी कापून टाकल्यासारखी दिसणारी गवताची खोपटं: एका बाजूला उतरतं छप्पर, दुसऱ्या बाजूला सरळ भिंत. उतरती बाजू नेहमी वाऱ्याकडं. मेंढ्या मात्र वर्षभर बाहेरच. खोपट त्यांच्या चाऱ्यासाठी आणि अवजारांसाठी.

याच टेकाडावर जॉर्जियन सैनिकांची दफनभूमी आहे. जर्मन फौजेत भरती केलेल्या या सोव्हिएत युद्धकैद्यांची एक तुकडी बेटावर होती. ६ एप्रिल १९४५ ला मध्यरात्रीनंतर तिनं उठाव केला. युद्ध मे महिन्याच्या सुरुवातीला संपलं, इथली लढाई २० मेपर्यंत चालली. दीपगृहाचं तेव्हा इतकं नुकसान झालं की नंतर त्याच्याभोवती दुसरी भिंत बांधली. वर चढताना दोन भिंतींच्या मधे जुन्या विटांवरच्या गोळ्यांच्या खुणा दिसतात.

आता एका दिवसाचं. होतं, पण धावपळ होते. ॲमस्टरडॅमहून डेन हेल्डरला ट्रेननं सव्वा तासाच्या आसपास, मग धक्क्यापर्यंत बस, मग वीस मिनिटं बोट. बोटीची कंपनी १९०७ मध्ये बेटकऱ्यांनीच उभी केली. भाडं जाताना दोन्ही बाजूंचं घेतात, परतताना कोणी तिकीट विचारत नाही. आई-बाबांबरोबर असाल तर भाड्याची कार घ्या. बोटीला गाडीचं आरक्षण नसतं, रांगेत लावायची. त्यामुळं शनिवारी सकाळी निघू नका, शुक्रवारी जा आणि एक रात्र राहा. एकटे असता तर मी सायकल सांगितली असती, पण वारा पश्चिमेचा असेल तर इथं सपाट रस्त्यावरही घाट चढल्यासारखं होतं.

पुळणीवर ठराविक अंतरावर आकड्यांचे खांब आहेत आणि पत्ता त्यावरूनच सांगतात. डे कोख गावासमोर २० नंबर. बाबा एकटेच लांब चालत गेले तर खांबाचा नंबर लक्षात ठेवायला सांगा, सगळ्या टेकड्या सारख्याच दिसतात. डे होर्स या दक्षिण टोकाच्या अफाट वाळूवर जायचं तर ९ नंबरहून. पण तिकडच्या खाडीतल्या प्रवाहाला जोर भयंकर, पोहायचं नावही काढू नका.

शाकाहारी असाल तर जेवणाचे थोडे हाल. मेंढीच्या दुधाचं चीज मिळतं, ते पावाबरोबर छान लागतं. आम्ही दर वेळी दशम्या-चटणी बरोबर नेतो. आणि आईंना कानटोपी घ्यायला सांगा. मेमध्ये ऊन बघून त्या नको म्हणतील, माझ्याही आईनं म्हटलं होतं. स्लुफ्टरच्या जिन्यावर तिनं पदर कानाला गुंडाळला आणि मला तिथल्या तिथं सुनावलं.