बी.पी.एड.साठी चार लाखांचं कर्ज : लेकीच्या पहिल्या पगाराला झेपेल का?

यावल तालुक्यातल्या एका शेतकरी वाचकाचं पत्र आलं आहे. मुलगी बी.ए. झाली, विद्यापीठाच्या संघातून कबड्डी खेळली. आता तिला बी.पी.एड. (शारीरिक शिक्षणाची पदवी) करून क्रीडाशिक्षिका व्हायचं आहे. एका एजंटाने परराज्यातल्या कॉलेजात थेट प्रवेश सुचवलाय. फी, होस्टेल, मेस धरून दोन वर्षांचे चार लाख. बँक १० टक्क्यांनी कर्ज द्यायला तयार आहे. त्यांनी जळगाव-भुसावळच्या खाजगी शाळांत चौकशी केली, तर सुरुवातीचा पगार १२ हजार सांगितला. जात ओबीसी, घरचं उत्पन्न साडेतीन लाखांच्या आसपास. "कर्ज काढू की नको?" एवढंच त्यांनी विचारलंय.

भाऊ, मुलीला बी.पी.एड. जरूर करू द्या. पण हे कर्ज काढू नका.

हिशेब असा. पहिल्या वर्षी दोन लाख उचलले, दुसऱ्या वर्षी दोन. शैक्षणिक कर्जात शिक्षणाचा काळ आणि वर सहसा एक वर्ष हप्ता नसतो, पण व्याज चालू असतं. सरळ व्याजाने धरलं तरी तीन वर्षांनी चाराचे पाच लाख होतात. सात वर्षांत फेडायचे म्हटले तर महिन्याला साधारण ८,३०० रुपये, दहा वर्षांत म्हटले तर ६,६००. बारा हजारांत हे बसवून बघा. सात वर्षांच्या हप्त्यात तिच्या हाती ३,७०० उरतात. भुसावळात खोली करून राहायची वेळ आली तर भाडंसुद्धा तुम्हालाच पाठवावं लागेल.

तुम्ही म्हणाल, सरकारी पगार लागला की चित्र बदलेल. बदलेल, खरं आहे. माध्यमिक शाळेत शिक्षणसेवकाला, म्हणजे नव्याने लागलेल्या शिक्षकाला, तीन वर्षं १८ हजार मानधन आहे आणि त्यानंतर प्रशिक्षित पदवीधराची श्रेणी मूळ ३८,६०० पासून सुरू होते. त्या पगारात चार लाख सहज फिटतात. पण ती नोकरी कधी लागेल, हे आपल्या हातात नाही. अनुदानित शाळांतली भरती सरकारच्या पवित्र पोर्टलवरून, अभियोग्यता चाचणीच्या गुणांवर होते. ही चाचणी २०१७ मध्ये झाली, मग थेट २०२३ मध्ये, नंतर २०२५ मध्ये. मधली पाच वर्षं लाखो पोरं ताटकळली. शिवाय जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेत खेळाचा वेगळा शिक्षक सहसा नसतोच, आणि हायस्कूलमधलं पद पटसंख्येवर टिकतं. भरती थांबली म्हणून बँकेचा हप्ता थांबत नाही.

आणखी एक गोष्ट, जी मला सगळ्यात जास्त टोचते. या कर्जात तुम्ही सहकर्जदार असाल. मुलीचा हप्ता थकला की थकबाकी तुमच्या नावावरही चढते, आणि जूनमध्ये पीककर्जाला गेलात की बँक तीच बघते. कपाशीचा पैसा दसरा-दिवाळीनंतर येतो, हप्ता मात्र दर महिन्याला येतो. तुमच्या शेतीचं भांडवल त्यात अडकू देऊ नका.

मग किती कर्ज चालेल? हप्ता पहिल्या पगाराच्या पाव हिश्श्यात राहिला पाहिजे, असं मी सगळ्यांना सांगतो. म्हणजे तीन हजार. दहा वर्षांच्या मुदतीने उलट मोजलं तर उचल पावणेदोन लाखांच्या वर जाता कामा नये.

आणि तेवढ्यात भागू शकतं. २०२४-२५ पासून महाराष्ट्रात आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरातल्या ओबीसी, ईडब्ल्यूएस (आर्थिकदृष्ट्या दुर्बल) आणि एसईबीसी (सामाजिक व शैक्षणिक मागास) मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण फी आणि परीक्षा फी पूर्ण माफ आहे. अट एकच कडक आहे : प्रवेश राज्याच्या केंद्रीभूत फेरीतून, म्हणजे सीईटी या प्रवेश परीक्षेच्या गुणांवर, झाला पाहिजे. मॅनेजमेंट कोट्यातला किंवा परराज्यातला प्रवेश यात बसत नाही. एजंट नेमकी हीच गोष्ट सांगत नाही. तिने सीईटी द्यावी. त्यात लेखी परीक्षेसोबत मैदानी चाचणी असते, आणि संघातून खेळलेल्या पोरीला तिथेच गुण कमावता येतात. मग उरतो राहण्या-जेवणाचा खर्च आणि किरकोळ फी. तेवढ्यासाठी दीड लाख उचलले तरी चालतील. बँकेत केंद्राच्या व्याज अनुदानाबद्दलही विचारा. साडेचार लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्यांसाठी ते आहे, मात्र कॉलेज आणि कोर्स त्यात बसतो का हे आधी लेखी घ्या.

पत्रात तुम्ही ओझरता उल्लेख केलाय की ओळखीचा एक संस्थाचालक "डिग्री झाली की जागा देतो, दहा-बारा लाखांची तयारी ठेवा" म्हणालाय. भाऊ, त्याला एक रुपयाही देऊ नका. हे बेकायदा आहे. नेमणुकीची सरकारी मान्यता अडकली तर पैसाही जातो आणि पोरीची वर्षंही.

एक दुसरी वाट तिच्यासमोर जरूर ठेवा. यावल-चोपडा रस्त्यावर पहाटे पाचला पोलीस भरतीची पोरं पळताना तुम्ही रोज बघता. पोलीस शिपायाचं मूळ वेतन २१,७०० आहे, बारावी पुरते, आणि त्यासाठी कुठलंही कर्ज लागत नाही. सरकारी नोकरीत खेळाडूंना पाच टक्के आरक्षणही आहे. तिची प्रमाणपत्रं त्यात बसतात का, हे नाशिकच्या विभागीय क्रीडा उपसंचालक कार्यालयात तपासून घ्या. तिला शिकवायचीच ओढ असेल तर तिच्यावर हे लादू नका. पण बी.पी.एड. करता करता भरतीचा फॉर्म भरायला काही हरकत नाही. भरती अकॅडमीत सकाळी मुलींना तयार करायचं काम मिळालं तर मेसचा खर्च तिचा तीच काढेल.

या आठवड्यात एवढं करा : तहसीलमधून उत्पन्नाचा दाखला, जातीचं प्रमाणपत्र, नॉन-क्रीमीलेअर, डोमिसाइल. कागद अपुरे पडले म्हणून फी माफी हुकलेल्या मुली दर वर्षी भेटतात. एजंटाला अ‍ॅडव्हान्स दिला नसेल तर देऊ नका, दिला असेल तर लेखी अर्ज करून परत मागा.